घरबसल्या शास्त्र : डिकींतलें मौन

गेल्या अंकांत पाण्याच्या पंपाच्या घोरण्याविषयीं लिहिलें होतें. तें वाचून आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं फोन केला. म्हणाले, "पंपाचें घोरणें बंद कसें करावें हें तूं लोकांना शिकविलेंस, ठीक झालें, परंतु आमच्या घरीं संकट उलटें आहे. जें घोरत होतें तें गप्प झालें आहे, आणि त्यापायीं बापलेकांचें बोलणें बंद पडायची वेळ आली आहे. रविवारीं येऊन जा." दादांच्या बोलण्यांत निम्मा विनोद असतो खरा, पण उरलेला निम्मा कोणता हें वहिनींच्या स्वरावरून ओळखावें लागतें. त्या दिवशीं वहिनीहि मागून म्हणाल्या, "भाऊजी, याच." तेव्हां गेलों.

घोरणारी वस्तु म्हणजे आमच्या पुतण्याच्या मोटारींतला सबवूफर. चिरंजीवांचें वय सव्वीस. पहिल्या वर्षाच्या पगारांतून शिल्लक टाकून त्यानें सहा वर्षें चाललेली एक लहान मोटार घेतली, आणि गतवर्षीं तिच्या डिकींत ही पेटी बसवून घेतली. ज्या वाचकांच्या घरीं हें प्रकरण अद्याप शिरलेलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारें २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकूं येतो. गाडीच्या दारांतले लहान स्पीकर यांतला मधला व वरचा भाग चांगला वाजवितात. परंतु शंभराच्या खालचीं कंपनें काढावयाचीं म्हणजे पुष्कळ हवा पुढेंमागें ढकलावी लागते, आणि तेवढें बळ लहान पडद्यांत नसतें. तबल्याच्या जोडींत डग्ग्याचें जें काम, तेंच गाडींत सबवूफरचें. सेकंदाला ५० कंपनांच्या नादाची एकेक लाट हवेंत जवळजवळ सात मीटर लांब असते. इतक्या लांब लाटेचा आवाज कोणत्या दिशेनें येतो हें कानाला नीटसें कळत नाहीं. म्हणूनच ही पेटी खुशाल डिकींत ठेवतां येते आणि पखवाज मात्र समोर वाजत असल्यासारखा वाटतो. दादांचें म्हणणें असें कीं, पखवाज समोर वाजतो कीं मागें हा प्रश्न नसून तो पोटांत कां वाजतो हा प्रश्न आहे. तें असो.

मला बोलावण्याचें खरें कारण निराळेंच होतें, व तें सांगण्यास मला थोडा संकोच वाटतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत ज्या फिटरनें ही पेटी बसविली होती, तोच गाडीच्या मागच्या बाजूस कॅमेरा बसवून गेला. चौथ्या दिवशीं सबवूफर मुका झाला. पुतण्यानें फोन करून त्याला नाहीं नाहीं तें ऐकविलें, कॅमेऱ्याचे अठराशें रुपये रोखून धरले, आणि दुसऱ्या दुकानांतून अकरा हजारांचा नवा अँप्लिफायर आणण्याचें ठरविलें. "गाडी घेऊन या, पाहतों," एवढेंच तो फिटर म्हणाला. पण चिरंजीव गेले नाहींत. दादांचें म्हणणें होतें कीं, माणसाचे कष्टाचे पैसे अडवूं नयेत. चिरंजीवांचें म्हणणें होतें कीं, बाबांना यांतलें कांहीं कळत नाहीं. यावरून आठ दिवस घरांत ताटें वेगळ्या वेळीं मांडलीं जात होतीं. आणि या आगींत तेल ओतणारा मी. तो फिटर आमच्या शाळेंत नववीपर्यंत माझ्या हाताखालीं होता. पुतण्यानें मला त्याचें नांव सांगितलें तेव्हां मी सहज म्हणून गेलों, "हो, वर्गांतहि त्याची वही कधीं पुरी नसे." मास्तरकीचा हा दोष निवृत्तीनंतरहि जात नाहीं. विद्यार्थ्यानें बारा वर्षांपूर्वीं गृहपाठ केला नाहीं, एवढ्यावरून आज त्याच्या हातची तार सैल असणार, असा निकाल आपण देऊन बसतों. पुतण्याला मात्र या वाक्यानें प्रमाणपत्रच मिळालें.

आपल्याकडे 'काकतालीय' नांवाचा एक न्याय सांगितला आहे. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणीं ताडफळ खालीं पडलें. पाहणाऱ्यास वाटलें, कावळ्यानेंच पाडलें. फिटर येऊन गेला, नंतर आवाज गेला. यांत 'नंतर' आहे, 'म्हणून' नाहीं. हें मला गाडीपाशीं उभें राहिल्यावर सुचलें. फोनवर सुचलें असतें तर अधिक बरें झालें असतें.

आतां कामाला लागूं. संस्कृत श्लोक लावतांना मुलें एक चूक हटकून करितात. पहिल्या शब्दापासून अर्थ लावीत सुटतात व तिसऱ्या चरणांत अडकतात. आम्ही शिकवीत असूं कीं, आधीं पदें सोडवा, मग क्रियापद धरा, आणि मग त्या क्रियापदाला विचारा, कोण? कोणास? कशानें? यंत्राच्या बिघाडालाहि हीच रीति लागू पडते. सबवूफरच्या मांडणींत क्रियापद म्हणजे अँप्लिफायर. पुढच्या स्टीरिओमधून येणारा क्षीण संकेत घेऊन त्याला बळ देणें, हें त्याचें काम. त्याला तीन गोष्टी पुरवाव्या लागतात. पहिली शक्ति. बॅटरीच्या धन टोंकापासून जाड लाल वायर निघते, बॅटरीजवळच तिच्यांत एक फ्यूज असतो, आणि ती गालिच्याखालून डिकीपर्यंत येते. परतीचा मार्ग म्हणून एक आंखूड काळी वायर गाडीच्या लोखंडी अंगाला बोल्टनें जखडलेली असते. तिला कारागीर 'अर्थ' म्हणतात. दुसरी आज्ञा. स्टीरिओ सुरू झाला कीं एका बारीक वायरींतून, ती बहुधा निळी किंवा निळ्यावर पांढरी रेघ असलेली असते, १२ व्होल्ट येतात व अँप्लिफायर जागा होतो. तिसरा प्रत्यक्ष संकेत, तो आर.सी.ए. वायरींतून येतो. एवढें मिळालें कीं अँप्लिफायर दोन वायरींवाटे पेटींतल्या स्पीकरला हालवितो. कर्ता, कर्म, करण, सगळें आलें.

प्रथम जेथें पैसा लागत नाहीं व हात काळे होत नाहींत तेथें पाहावें. स्टीरिओच्या पडद्यावर 'सब' म्हणून एक स्वतंत्र खूण असते. ती कोणी बंद केली असेल तर पुढचा सारा शोध व्यर्थ. आवाज पुढें-मागें नेणारी खूण पूर्ण पुढें सरकविली असली तर कित्येक स्टीरिओंत मागच्या तारांचा संकेत नाहींसा होतो. ड्रायव्हरच्या पायापाशीं बारीकशी खुंटी असेल तर ती शून्यावर नाहीं ना, हें पाहावें. गाडी झाडणाऱ्याच्या फडक्यानें ती फिरते. अँप्लिफायरच्या अंगावरहि एक लहान खटका असतो; खालचीं कंपनें पुढें सोडायचीं कीं वरचीं, हें तो ठरवितो. तो चुकून 'वरचीं' या बाजूस गेला तर अँप्लिफायर ज्या नादांसाठीं नेमला आहे तेच अडवितो. आमच्याकडे यांपैकीं कांहींच नव्हतें.

मग अँप्लिफायरचा दिवा पाहिला. हा दिवा म्हणजे रोग्याची जीभ. तो मुळींच पेटत नसेल तर शक्ति किंवा आज्ञा यांपैकीं एक नाहीं. तांबडा दिवा लागून राहिला तर अँप्लिफायरनें स्वतःच्या रक्षणासाठीं दार लावून घेतलें आहे. स्पीकरची तार कोठें तरी सोलून लोखंडाला टेकली असेल, किंवा अंग फार तापलें असेल. हिरवा असेल आणि आवाज नसेल तर बहुधा संकेत येत नाहीं, नाहींतर स्पीकरचें वेटोळें जळलें. आमचा दिवा हिरवा होता. परंतु गाणें लावतांच डिकींतून एकदां 'ठक्' असें ऐकूं येई, दिवा क्षणभर विझे आणि पुन्हां हिरवा होई. पुतण्या म्हणाला, "काका, हा अँप्लिफायर मेलेलाच आहे, उगाच धुगधुगी आहे." मीं विचारलें, "मेलेल्या माणसाला धुगधुगी असते काय?"

दादा एवढा वेळ खुर्ची टाकून बघत होते. ते म्हणाले, "फ्यूज गेला असेल. जुन्या वाड्यांत आपण तार बांधीत होतों तशी जाड तार बांधा, पुन्हां जायलाच नको." येथें मात्र मला जरा कडक व्हावें लागलें, आणि वाचकांनींहि हा परिच्छेद दोनदां वाचावा अशी विनंति आहे. फ्यूज हा गाणें वाजविण्यासाठीं नसतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत गेलेली ती दहा-बारा फूट लाल वायर कोठें सोलून लोखंडाला लागली तर ती तापून पेटूं नये, म्हणून तो असतो. मोटारीची बॅटरी १२ च व्होल्टची, म्हणून तिला कोणी गरीब समजूं नये. तिला मोकळा मार्ग मिळाला तर ती शेंकडों अँपिअरचा प्रवाह सोडते. त्यांत वायर लाल होऊन गालिचा व आसन पेट घेतें, आणि आसनाखालीं पेट्रोलची टाकी असते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर, फार तर हातभर अंतरांत असावा आणि त्या वायरीच्या जाडीला जेवढा योग्य तेवढाच असावा. गेलेल्या फ्यूजच्या जागीं मोठा फ्यूज, तार, चांदीचा कागद, यांपैकीं कांहींहि घालूं नये. तो गेला तर कां गेला, हें आधीं शोधावें. आम्हीं बॉनेट उघडून पाहिलें. फ्यूज शाबूत होता. दादा म्हणाले, "मग वाड्यांत आपण इतकीं वर्षें बांधीत होतों तें?" मी म्हणालों, "वाडा वांचला, हें आपलें दैव." त्यावर वहिनी हंसल्या, आणि किती दिवसांनीं कोण जाणे, चिरंजीवहि हंसले.

स्पीकर जिवंत आहे कीं नाहीं हें पाहण्याची एक सोपी युक्ति आहे, ती मुलांनाहि आवडते. पेटीकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी अँप्लिफायरपासून सोडवाव्या आणि टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवाव्या. वेटोळें शाबूत असेल तर पडदा किंचित् उचलतो आणि बारीक आवाज होतो. वायरी उलट टेकविल्या तर तो आंत जातो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघां अमेरिकनांनीं १९२५ सालीं ज्या प्रकारचा स्पीकर जगापुढें मांडला, त्याचें सारें मर्म या एका टिचकींत आहे. चुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें, वेटोळ्याला चिकटलेला कागदी पडदा. प्रवाह जाईल तसा पडदा हाले. मीटर असेल तर वेटोळ्याचा रोध मोजावा. चार ओहमच्या स्पीकरला तीन-साडेतीन ओहम दिसले तर तो ठीक. मीटर कांहींच दाखवीना, तर तार तुटली किंवा जळली. ज्या स्पीकरला दोन वेटोळीं असतात त्यांत एक सुलट व एक उलट जोडलें गेलें तर दोघें एकमेकांना अडवितात, आणि पडदा जागचा हालत नाहीं. दोन कर्तबगार माणसें एका कमिटीवर नेमल्यास जें होतें तेंच. आमचा पडदा मात्र सेल टेकवितांच टुणकन् उडाला.

संकेताचीहि परीक्षा केली. स्टीरिओची वायर काढून तिच्या जागीं पुतण्याच्या मोबाइलमधून एक वायर जोडली व आवाज अगदीं कमी ठेवून पखवाजाचें एक ध्वनिमुद्रण लावलें. पुन्हां तेंच 'ठक्', पुन्हां तीच उचकी. म्हणजे स्टीरिओ निर्दोष, त्याची वायर निर्दोष, पेटी निर्दोष. उरली शक्ति. मीटर लावला तर अँप्लिफायरच्या तोंडाशीं १२.४ व्होल्ट. बॅटरीवरहि १२.४. पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें. शक्ति पुरेपूर, आज्ञा पोंचलेली, संकेत शुद्ध, पेटी धडधाकट, आणि तरीहि मौन. तेव्हां दोषी अँप्लिफायरच, हा त्याचा तर्क वरवर पाहतां बिनतोड होता. तो मोबाइलवर अकरा हजारांचा अँप्लिफायर शोधूंहि लागला.

या ठिकाणीं बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा थांबतों. मीटर खोटें बोलत नव्हता. आम्ही त्याला प्रश्नच चुकीचा विचारीत होतों. मीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाहीं. पावसांत दरवाजा बंद असतांना नळाला पाण्याचा दाब किती आहे हें बोट लावून पाहिलें तर पुरेपूर वाटतो. परंतु वाटेंतला पाइप गाळानें भरलेला आहे कीं नाहीं हें नळ पूर्ण सोडल्यावरच कळतें. आमचा अँप्लिफायर तीनशें वॉटचा. जोरांत वाजतांना तो तीस अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढणार. वाटेंत कोठें एक दशांश ओहम एवढाच रोध उत्पन्न झाला, तर तीस गुणिले एक दशांश, म्हणजे तीन व्होल्ट तेथेंच खर्ची पडतात. एक दशांश ओहम साध्या मीटरला दिसतहि नाहीं. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून अधिक भरतो. म्हणून रोध मोजण्याच्या भरीस न पडतां, गाणें चालूं ठेवून व्होल्ट मोजावे.

तसें केलें. पुतण्यानें गाणें लावलें, मीं मीटर धरला. प्रत्येक ठोक्याला १२.४ चा आंकडा एकदम ९ च्या खालीं कोसळे, दिवा विझे. प्रवाह थांबला कीं आंकडा पुन्हां वर चढे व दिवा पेटे. अँप्लिफायर मेलेला नव्हता. बिचारा उपाशीं होता. घांस तोंडाशीं येई आणि चावायला जावें तों निघून जाई.

मग घांस कोण पळवितो? मीटरचें काळें टोंक गाडीच्या उघड्या लोखंडाला लावलें, तांबडें अँप्लिफायरच्या 'अर्थ'च्या स्क्रूला. या दोन जागांमध्यें वस्तुतः कांहींच अंतर नसावें. शून्य दिसावें, फार तर त्याच्या जवळपास. दर ठोक्याला साडेतीन व्होल्ट दिसूं लागले. चोर त्या हातभर काळ्या वायरींत किंवा तिच्या बोल्टाखालीं होता. पुतण्या लगेच म्हणाला, "म्हणजे फिटरनेंच अर्थ नीट दिला नाहीं!" मी म्हणालों, "तसें असतें तर वर्षभर वाजला कसा?" तथापि खात्री करून घ्यावी म्हणून अन्वय-व्यतिरेक लावला. एक जाड वायर घेऊन तिचें एक टोंक अँप्लिफायरच्या अर्थाला, दुसरें आसनाच्या पट्ट्याच्या बोल्टाला नुसतें दाबून धरलें. पखवाज घुमला. वायर काढली, मौन. लावली, घुमला. दादा खुर्चींत दचकले आणि आंत देवघराजवळचा तांब्या खुळखुळला असें वहिनी म्हणाल्या. (तो पट्ट्याचा बोल्ट केवळ परीक्षेपुरता; अर्थासाठीं कायमचा तो कोणी खोलूं नये. अपघातांत ज्याच्यावर जीव अवलंबून, त्याच्यावर गाण्याचें ओझें नको.)

बॅटरीची ऋण बाजू दहा नंबरच्या पान्यानें सोडवून आम्हीं डिकींतला गालिचा उचलला. कुबट, आंबूस असा एक वास आला. त्या बोल्टाभोंवतीं लोखंडावर हिरवट व तांबूस पपडी धरली होती. थिंबल हातानें हालत होतें. मी हालवून पाहिलें म्हणून कळलें, नुसतें बघून कळलें नसतें. खांब पुरतांना पुन्हां पुन्हां हालवून पाहतात, त्याला आपल्याकडे स्थूणानिखननन्याय म्हणतात. तारेच्या प्रत्येक टोंकाला तो लावावा. पण पाणी येथें आलें कोठून? डिकीचें रबर तर कोरडें होतें. पुतण्या खालीं वांकून वास घेऊं लागला. मग सावकाश सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "काका, हें आगळ आहे."

वाचक हो, मे महिन्यांत आम्ही सर्व कुळदैवताला कोंकणांत गेलों होतों. परततांना मीं कोकमाच्या आगळाच्या चार बाटल्या घेतल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पिशवींत घालून पुढें ठेवा." मीं म्हटलें, "डिकींत उभ्या ठेवल्या म्हणजे झालें, बुचें मीं स्वतः घट्ट केलीं आहेत." आंबा घाटांत एक बाटली आडवी झाली. घरीं आल्यावर आम्हीं वरून गालिचा पुसला. खालीं काय झिरपलें हें पाहिलें नाहीं. आगळ म्हणजे आम्ल आणि मीठ. लोखंडाला याहून वैरी शोधून सांपडणार नाहीं. त्यावर पावसाळ्याची दमट हवा आली, आणि दोन महिन्यांत गंजानें आपलें काम पुरें केलें. फिटर येऊन गेला त्या आठवड्यांत पाऊस संततधार लागला होता, एवढाच त्याचा व बिघाडाचा संबंध. ताडफळ पडलें, त्या वेळीं कावळा झाडावर बसला होता. झाड हालविणारा मी होतों, आणि कावळ्याची वही अपुरी असल्याचा दाखलाहि मींच दिला होता.

दादा कांहीं बोलले नाहींत. ते कांहीं बोलले असते तर बरें वाटलें असतें.

दुरुस्ति किरकोळ होती. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनें लोखंड पैशाएवढ्या जागीं पांढरें लख्ख होईतों घांसलें, थिंबलहि घांसलें, पाण्यानें आम्ल पुसून जागा कोरडी केली आणि बोल्ट आवळला. रंगावर बोल्ट आवळून अर्थ होत नाहीं, हें येथें सांगून ठेवतों. रंग वीज अडवितो. साडेतीन व्होल्टांच्या जागीं दहाव्या हिश्शाहूनहि कमी उरले. तासाभरांत सबवूफर पूर्ववत् घुमूं लागला. (रात्रीं दहानंतर तो घुमवूं नये, असें मीं चिरंजीवांना सांगितलें; निवासी भागांत रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनीं घातलेली आहे, आणि दादांची त्याहूनहि कमी आहे.) पुतण्यानें मोबाइलवरचा तो नवा अँप्लिफायर रद्द केला.

संध्याकाळीं मी आणि पुतण्या त्या दुकानावर गेलों. जाण्याचें त्याच्या मनांत होतें, पण एकट्यानें जाण्याचा धीर नव्हता. माझीहि गत तीच होती. तो एका गाडीच्या दाराचा पत्रा काढून बसला होता. मला पाहतांच उठून उभा राहिला. हात ग्रीसनें भरलेले, म्हणून नमस्कार कोंपरापासूनच केला. "सर, तुम्ही?" पुतण्यानें अठराशें रुपये त्याच्या टेबलावर ठेवले व म्हणाला, "मी फोनवर बोललों तें चुकलें. चूक आमच्याच घरची होती." मीं त्याला बाटलीपासून बोल्टापर्यंत सर्व सांगितलें, आणि वहीबद्दल मी जें बोललों होतों तेंहि सांगितलें. तें सांगितलें नसतें तरी चाललें असतें, असें पुतण्या नंतर म्हणाला. मला तसें वाटलें नाहीं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, वही पुरी नसायची, हें खरंच आहे. सकाळी दूध टाकायला जायचो ना." नववीच्या त्या सबंध वर्षांत मीं हें त्याला कधीं विचारलें नव्हतें.

"आणि सर," तो पुढें म्हणाला, "नुसतं घासून ठेवलंत तर पुढच्या पावसाळ्यात परत गंजेल. बोल्ट आवळला की वरून व्हॅसलीन लावा. हवा लागली नाही पाहिजे. थांबा, मीच लावून देतो." तो डबी घेऊन डिकीपाशीं आला, गालिचा उचलला, आमचें काम पाहिलें, आणि बोल्ट पान्यानें आणखी पाव फेरा आवळला. मग वांकून वास घेतला व हंसला. "सर, बाकीच्या तीन बाटल्या शिल्लक आहेत का? आईला सोलकढी फार आवडते."

दुसऱ्या दिवशीं दोन बाटल्या पोंचविल्या. या खेपेस पिशवींत घालून, मांडीवर धरून नेल्या.